तीन बटणांचा बटवा

१

जाफर परकारांनी बटव्याची तिन्ही बटणं सोडवली, आत दोन बोटं घातली आणि बाहेर काढला तो पुठ्ठ्याचा तुकडा. तपकिरी, जाड, बरोबर पासपोर्टाएवढा.

जहरा गावातल्या खजुरीच्या बागेत चादर अंथरली होती. बिर्याणीचं पातेलं नुकतंच उघडलं होतं. सिराजने सहज विचारलं होतं, "जाफरचाचा, उद्या बंदरावर किती वाजता पोचायचंय? तिकिटावर बघा की." तिकीट पासपोर्टातच घडी करून ठेवलेलं. ते बघायला म्हणून त्यांनी बटवा उघडला होता.

"पासपोर्ट नाहीये," जाफरभाई म्हणाले. आवाज अगदी बारीक.

खतिजा सारंगच्या हातातला डाव पातेल्यावरच थांबला. हा बटवा तिनेच शिवला होता. तंबूच्या कापडाचा, कमरेला शर्टाखाली बांधायचा, तीन बटणांचा. काजं मुद्दाम घट्ट ठेवली होती, म्हणजे गर्दीत कुणाची बोटं आत जायला नकोत. सकाळी गाडीत बसताना जाफरभाईंनी पासपोर्ट बाहेर काढून सगळ्यांना दाखवला होता. त्यातला पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो बघून कमाल हसला होता. म्हणजे सकाळी आठला पासपोर्ट होता आणि दुपारी दोनला नव्हता.

शनिवारी दुपारी चारला मुंबईची बोट सुटणार होती. पुढची दहा दिवसांनी. आणि जाफरभाईंच्या थोरल्या मुलीचा, बिल्कीसचा, निकाह हर्णैला बरोबर बाराव्या दिवशी होता. बोटीला मुंबई गाठायलाच आठवडा लागतो. ही बोट चुकली तर बापाशिवाय मुलीचा निकाह लागणार होता.

"बटवा कुणाच्या हातात दिला होता का?" सिराजने विचारलं.

मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू एकाच माणसाकडे वळल्या.

"माझ्या हातात," कमाल म्हणाला. "नमाजाच्या आधी."

२

१९६४ सालचा फेब्रुवारी होता. पाऊस बरा झाल्यामुळे वाळवंटावर हिरवी लव उगवली होती, आणि अशा दिवसांत कुवेत शहरातली माणसं शुक्रवारी गाड्या काढून बाहेर पडत. निरोपाची सहल जहराला न्यायची ही कल्पना जाफरभाईंचीच. "पंधरा वर्षं या मुलखात काढली आणि ज्याला जुनं गाव म्हणतात ते तुम्हाला दाखवलं नाही, असं नको व्हायला," ते म्हणाले होते.

सिराज एका व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होता. मालकाची लांबलचक गाडी त्याने मागून घेतली. सोबत त्याची बायको लैला आणि सहा महिन्यांची मुलगी. लैला ही खतिजाची भाची. खतिजा स्वतः सरकारी इस्पितळात नर्स होती. नवरा वारल्यावर आठ वर्षांपूर्वी ती हर्णैहून इथे आली आणि कोकणातल्या सगळ्या घरांची आपा झाली. कुणाला ताप आला, कुणाचं भांडण झालं, कुणाची वस्तू हरवली, की लोक तिलाच बोलवायचे. माणसाचं दुखणं त्याच्या सांगण्यापेक्षा त्याच्या वागण्यातून जास्त कळतं, असं ती म्हणे.

कमाल मुकादम सव्वीस वर्षांचा फिटर. शुऐबाला नवीन बंदराचं काम चाललं होतं, तिथे तो कामाला होता, आणि जाफरभाई त्याच कामावर स्टोअरकीपर. दोघं जलीबला एका खोलीत राहायचे. आणि शेवटचे बदरुद्दीन तांडेल, साठीचे, रुमैथियात एका अरब घरात स्वयंपाक करणारे. पूर्वी गलबतावर होते.

गाडीत जाफरभाई सगळ्यात मागे, सामानाच्या टोपल्यांमध्ये जाऊन बसले आणि काच खाली केली. "मला वारा लागतो," म्हणाले. लैलाने बाळ पुढे केलं तर, "हात धुळीचे आहेत गो," म्हणत त्यांनी हात मागे घेतले. जहराला पहिला चहा झाला तो त्यांनी घरून आणलेल्या आपल्या पांढऱ्या टमरेलात ओतून घेतला.

जहरा हे खरोखर जनावरांचं गाव. चहूकडच्या वाळवंटातले भटके बद्दू आपले कळप घेऊन तिथे उतरत. बाजारात मेंढ्यांचे थवे, शेळ्या, चार-दोन गाई, आणि मागे रांगेने बसलेले उंट, प्रत्येकाच्या मानेवर नाहीतर मांडीवर टोळीचा डाग. बायका तुपाचे बुधले आणि वाळवलेल्या दह्याचे गोळे मांडून बसल्या होत्या. बदरुद्दीनचाचा एका उंटाचे दात बघायला गेले आणि उंटाने त्यांच्या टोपीकडे तोंड वळवलं, तेव्हा लैला हसून हसून खाली बसली. विहिरी, बागा, मातीच्या भिंती, सगळं बघत ते लाल किल्ल्यावर आले.

किल्ला लालसर मातीचाच. चार कोपऱ्यांना चार बुरूज, मध्ये मोकळं अंगण, अंगणात विहीर. राखणदार बू यूसुफ हा जाफरभाईंच्या ओळखीचा. आधी तो शुऐबाच्या गोदामावर पहारेकरी होता. त्याने सगळं फिरवून दाखवलं. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या लढाईत लोक या भिंतींच्या आत कोंडले गेले होते आणि विहिरीचं पाणी खारट, त्यामुळे तहानेने कसे हाल झाले, ते त्याने हातवारे करून सांगितलं.

सगळे बाहेर पडले. जाफरभाई मात्र "दोन शब्द बोलून येतो" म्हणून मागे राहिले. दहा मिनिटांनी आले. दारातून बू यूसुफने त्यांच्याकडे बघून उजवा हात छातीवर ठेवला आणि काहीतरी म्हणाला. खतिजाला त्यातला एकच शब्द ऐकू आला, 'अमाना'. अरबांची निरोप घ्यायची रीत असेल, असं तिला वाटलं.

नंतर पुरुष जुम्याच्या नमाजाला गेले. वजू करताना, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुताना, भिजू नये म्हणून जाफरभाईंनी बटवा सोडून कमालच्या हातात दिला. नमाज झाली, सगळे बागेत आले, आणि आता हे असं झालं होतं.

३

"स्पष्टच बोलतो," सिराज म्हणाला. "दोघांनी एकदम रजा मागितली होती. कंपनीने चाचांना दिली, कमालची नाकारली. गेल्या महिन्यात यावरून खोलीत भांडण झालं होतं, हे सगळ्या जलीबला माहीत आहे."

"झालं होतं," कमाल म्हणाला. त्याचा चेहरा तांबडा झाला होता. "मी चार वर्षं घरी गेलो नाही. रागावलो. पण म्हणून चाचांचा पासपोर्ट चोरीन?"

"पोलिसचौकी इथं जवळच आहे. तपासूनच घेऊ."

पोलिसांचं नाव निघाल्यावर कमालच्या तोंडचं पाणी पळालं. चौकीत नुसतं नाव लिहिलं गेलं तरी कफील, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा परवाना होता तो मालक, त्याला दुसऱ्या दिवशी देशाबाहेर काढू शकत होता.

पण खतिजाचं लक्ष कमालकडे नव्हतं. पोलिसांचं नाव निघाल्यावर जाफरभाईंचा चेहरा कमालपेक्षाही जास्त पांढरा पडला होता.

"पोलीस नको," ते घाईघाईने म्हणाले. "गेला तर गेला. माझ्या नशिबात जाणं नसेल. पण पोराच्या पोटावर पाय नको."

"नशिबाचं नंतर बघू," खतिजा म्हणाली. "सिराज, चौकीला जायच्या आधी मला एक तास दे. तो पुठ्ठा इकडे आण."

तिने पुठ्ठा उन्हात धरला, उलटा केला, कडा बोटाने चाचपली. कात्रीने सरळ कापलेली होती. एका अंगाला लांबट घडीची खूण होती. असा पुठ्ठा ती रोज हाताळायची. तिने तो ओच्यात खोचला आणि बदरुद्दीनचाचांना खुणेने बाजूला बोलावलं.

"चाचा, राग मानू नका. बिल्कीसला तुम्ही तुमच्या रफीकसाठी मागणी घातली होती ना?"

म्हातारा खजुरीच्या झाडाकडे वळला. "घातली होती. जाफरने नाही म्हटलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन महिने मी त्याच्याशी बोललो नाही. पण पोरीच्या निकाहात विघ्न आणायला मी काय शैतान आहे?"

"वजूच्या वेळी तुम्ही कुठे होतात?"

"कमालच्या शेजारीच. बटवा त्याच्या डाव्या हातात होता. उजव्या हातात माझा चष्मा होता, मीच दिला होता धरायला. जाफर उठला तसा बटवा घेतला, मी माझा चष्मा घेतला."

"मध्ये त्याने काही खाली ठेवलं?"

"ओल्या फरशीवर? माझा चष्मा खाली ठेवला असता तर मी ऐकून घेतलं असतं का?"

खतिजा मनाशी थोडी हसली. मग तिने कमालला गाठलं. तो विहिरीच्या कठड्यावर एकटाच बसला होता.

"मी काही केलं नाही, आपा."

"मी तुला ते विचारलंच नाही. मला सांग, कंपनीने एवढ्यात छातीचे एक्स-रे काढले?"

कमाल गोंधळला. "काढले. गेल्या महिन्यात. पण फक्त चाळिशीवरच्यांचे. आमचे नाही. का?"

"चाचांना कागद मिळाले?"

"मोठा लिफाफा मिळाला. त्यांनी तो लगेच ट्रंकेत घालून कुलूप लावलं. मी विचारलं तर खेकसले माझ्यावर. आधी कधी खेकसत नव्हते." तो पुढे म्हणाला, "तेव्हापासून जेवणही वेगळं घेतात. मला वाटलं, रजेच्या भांडणाचा राग आहे."

खतिजा उठली. चोर कोण ते तिला कळलं होतं. पण त्याने चोरी का केली असेल, हा जो अंदाज येत होता, तो खरा निघू नये असं तिला वाटत होतं.

४

"जाफरभाई, माझ्याबरोबर किल्ल्यापर्यंत चला. वाटेत पडला असेल तर बघू."

दोघं मातीच्या रस्त्याने निघाले. बाजार उठत होता. एक बद्दू मेंढ्या हाकत समोरून आला, त्याला वाट द्यायला दोघं भिंतीशी उभे राहिले. कळप गेल्यावर खतिजा पुन्हा चालू लागली.

"खिसेकापू बटवा कापून नेतो," ती मग म्हणाली. "तो आत पुठ्ठा घालून बटणं लावत बसत नाही. पुठ्ठा कुणी घालतो? ज्याला बटवा रिकामा वाटू द्यायचा नसतो तो. आणि हा आधीपासून मापाने कापून आणलाय. तुम्ही वजूच्या वेळी बटवा सोडून हातात द्याल, हे कमालला आधी कुठून कळणार? शिवाय त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते. माझी ती काजं एका हाताने उघडत नाहीत."

जाफरभाई खाली बघत चालत राहिले.

"एक्स-रेच्या लिफाफ्यात फिल्म वाकू नये म्हणून पाठीला पुठ्ठा घालतात. तो हाच. कमालचा एक्स-रे झाला नाही. बदरुद्दीनचाचा तुमच्या कंपनीत नाहीत. लिफाफा तुमच्या ट्रंकेत, किल्ली तुमच्याकडे. आणि सकाळपासून बटवा घेऊन तुम्ही आमच्यापासून एकदाच वेगळे झालात, बू यूसुफपाशी. त्याच्याकडे अमानत ठेवलीत ना?"

किल्ल्याची लाल भिंत समोर आली होती. जाफरभाई तिच्या सावलीत मटकन खाली बसले.

"मी चोर नाही, खतिजा," ते म्हणाले. "माझीच वस्तू होती."

"ते ठाऊक आहे. तुम्ही टोपल्यांमध्ये जाऊन बसलात, टमरेल वेगळं, बाळाला हात लावला नाहीत. मी हे इस्पितळात रोज बघते. कुणी सांगितलं तुम्हाला की टीबी आहे?"

जाफरभाईंना रडू आवरेना. पन्नाशीचा, धिप्पाड माणूस, भिंतीला डोकं टेकून रडत होता. थोड्या वेळाने तुटक तुटक सांगू लागला. एक्स-रे काढणाऱ्याने फिल्म उजेडात धरली, दुसऱ्याला बोलावलं, दोघं एका जागी बोट ठेवून काही बोलले. मग त्यांच्या हातात लिफाफा दिला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मराठी चौथीपर्यंतच शाळा. पण थोरला भाऊ याच आजाराने मिरजेच्या इस्पितळात वारला होता, तेव्हाही डॉक्टरांनी असंच फिल्मवर बोट ठेवलं होतं. आणि खोकला होता, महिनाभर.

"घरी गेलो असतो तर पहिल्याच दिवशी धाकटीने गळ्यात हात टाकले असते. तिला दूर कसं ढकलू? आणि न जाण्याचं कारण काय सांगू? मुलीच्या सासरच्यांना कळलं तर निकाह मोडेल. म्हटलं, पासपोर्ट चोरीला गेला म्हणजे कुणी काही विचारणार नाही. बाजारात गर्दी असते, लोक म्हणतील खिसेकापूने मारला. कमालचं नाव येईल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. सिराज बोलायला लागला तेव्हा पायाखालची वाळू सरकली."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तोंड उघडलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं."

"आणि मला कागद का नाही दाखवलात? मी काय परकी?"

"तू वाचलं असतंस तर ते खरं झालं असतं."

त्यांनी शर्टाच्या खिशातून चौघडी केलेला कागद काढला. घामाने मऊ पडला होता. महिनाभर छातीशी बाळगला होता तो.

५

खतिजाने कागद उलगडला. टाइप केलेल्या सहा ओळी, खाली सही आणि तारीख. तिने एकदा वाचलं. नाव बघितलं, वय बघितलं, पुन्हा वाचलं. बोट ओळींवरून सावकाश फिरत होतं. जाफरभाई तिच्या तोंडाकडे बघत होते.

"लहानपणी कधी खूप दिवस ताप आला होता?"

"सात-आठ वर्षांचा असताना. आई सांगायची, चार महिने अंथरुणाला खिळलो होतो."

"तेच लिहिलंय. उजव्या बाजूला वर जुना डाग आहे, भरून निघून कडक झालेला. सध्या आजाराचं कुठलंही लक्षण नाही. कामाला आणि प्रवासाला हरकत नाही."

"हरकत नाही, असं लिहिलंय?"

"या इथे. हे दोन शब्द." तिने त्यांचं बोट धरून कागदावर ठेवलं. "ताप येतो? वजन उतरलं? थुंकीतून रक्त?"

त्यांनी तिन्हींना मान हलवली. नाही.

"मग तो खोकला सिमेंटच्या धुळीचा असेल. तरी माझ्या शब्दावर जाऊ नका. ट्रंकेतली फिल्म घेऊन उद्या सकाळी सातला इस्पितळाच्या दाराशी या. आमच्या छातीच्या डॉक्टरांना दाखवते. ते हो म्हणाले तर दुपारी बोट."

बू यूसुफ विहिरीपाशी झोळी शिवत बसला होता. खतिजाने पासपोर्ट मागितला तर त्याने तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. जाफरभाई पुढे झाले तेव्हा तो आत गेला आणि फडक्यात बांधलेली पुरचुंडी आणून त्यांच्या तळहातावर ठेवली. एका आठवड्याने नेणार होतास, आजच कसा आलास, असं त्याने विचारलं. जाफरभाईंनी बू यूसुफच्या खांद्यावर कपाळ टेकलं.

बागेकडे परतताना ते मध्येच थांबले. "त्यांना काय सांगायचं? बू यूसुफला रस्त्यात सापडला म्हणून सांगूया?"

"तुम्ही ठरवा," खतिजा म्हणाली. "पण रस्त्यात सापडला म्हटलंत तर कमालच्या नावावर डाग राहील. लोक म्हणतील, घाबरून फेकून दिला असेल."

बागेत गेल्यावर चादरीवर बसायच्या आधीच, उभ्यानेच जाफरभाईंनी सगळं सांगितलं. एक्स-रे, भीती, पुठ्ठा, बू यूसुफ. काही झाकलं नाही. शेवटी कमालकडे वळून म्हणाले, "तुझ्यावर आळ आला आणि मी गप्प बसलो. हा गुन्हा माझा."

सिराजने मान खाली घातली. "माझाही," तो म्हणाला.

कमाल जागचा हलला नाही. "चाचा, महिनाभर एका खोलीत झोपलो आपण," तो म्हणाला. "मला एकदा सांगायचं होतंत. मी रात्रभर तुमच्याजवळ बसलो असतो."

लैलाने डोळे पुसले आणि गार झालेली बिर्याणी सगळ्यांना वाढली.

६

शनिवारी सकाळी खतिजा सातच्या आधीच इस्पितळाच्या दाराशी उभी होती. रात्रभर एकच विचार तिला खात होता. कागद दुसऱ्याच कुणाचा असला तर? लिफाफ्यांची अदलाबदल झालेली तिने याआधी बघितली होती.

डॉक्टरांनी लिफाफ्यातली फिल्म काढली, कोपऱ्यातला नंबर कागदाशी ताडून बघितला आणि खिडकीकडे धरली. जाफरभाई भिंतीशी उभे, कमाल दारात. डॉक्टर फार वेळ बघत राहिले. मग जाफरभाईंना शर्ट काढायला लावून पाठीला नळी लावली, खोल श्वास घ्यायला सांगितलं, पुन्हा फिल्म बघितली.

"जुना डाग आहे," ते खतिजाला इंग्रजीत म्हणाले. "तुमच्या-माझ्या वयाच्या कितीतरी लोकांना असतो. धुळीत काम करताना तोंडाला फडकं बांधायला सांगा. यांना एवढं घाबरवलं कुणी?"

"कुणी नाही," खतिजा म्हणाली. "कुणी काही सांगितलंच नाही, म्हणून."

दुपारी बंदरावर मोठी गर्दी होती. ट्रंका, गाठोडी, दोरीने बांधलेल्या पेट्या. बदरुद्दीनचाचांनी बिल्कीससाठी अत्तराची कुपी आणली होती. ती देताना ते फारसं बोलले नाहीत आणि जाफरभाईंनीही फार विचारलं नाही. दोघांनी एकमेकांना घट्ट मिठी मारली, एवढंच.

कमालने ट्रंक खांद्यावर घेतली आणि बोटीच्या शिडीपर्यंत नेली. परत आला तेव्हा त्याच्या हातात एक चिठ्ठी होती. कंपनीच्या साहेबांच्या नावे, जाफरभाईंनी कारकुनाकडून लिहवून घेतलेली. आपण परत येताच पुढची रजा कमाल मुकादमला द्यावी, त्याच्या परत येण्याची हमी आपली, असं त्यात होतं. त्याने ती दोनदा वाचली आणि खिशात ठेवली.

"काय म्हणाले?" खतिजाने विचारलं.

"म्हणाले, तुझ्या आईला काय न्यायचंय त्याची यादी आतापासून करून ठेव."

भोंगा वाजला. वरच्या कठड्याशी दाटीवाटीने उभ्या माणसांत जाफरभाई दिसत होते. शेजारच्या कुणाचं तरी लहान पोर त्यांनी खांद्यावर घेतलं होतं आणि किनारा दिसावा म्हणून त्याला उंच धरलं होतं. खतिजाने हात हलवला. मग तिला एकदम जाणवलं की आपण कालपासून धड जेवलोच नाही. ती लैलाला म्हणाली, "चल गो, मला भूक लागलीय."

पाचही जणं बंदराबाहेरच्या पहिल्याच खानावळीत शिरली आणि बोट नजरेआड होईपर्यंत खिडकीपाशी बसून जेवत राहिली.